वरच्या फाटकापाशी एक डोळा

ब्रोकन विलो कौंटीत फाटकाचा नियम कुणी कुणाला शिकवत नाही. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवून पुढे जायचं, बंद सापडलं तर आपण आत गेल्यावर पुन्हा बंद करायचं, आणि कारण विचारायचं नाही. ज्याचं रान त्याला कारण माहीत असतं. म्हणूनच ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आर्व्हिड नूडसन डोंगराकडच्या वरच्या फाटकापाशी पोचला आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडं टाकलेलं फाटक त्याला बंद दिसलं, तेव्हा ट्रकमधून उतरायच्या आधीच त्याला एवढं कळलं, की इथे येऊन गेलेला माणूस इथला नाही.

आमच्याकडची वरची फाटकं म्हणजे काय, तर पाच ताणलेल्या तारा आणि त्यांना बांधलेले तीनचार दांडके. शेवटचा दांडका खांबाला भिडवायचा आणि वरून तारेचा फास चढवायचा. हा फास नुसता चढवलेला नव्हता, वर दोन पीळ देऊन नीट बसवलेला होता. पलीकडे चाळीसएक गाई ओढ्याचं पाणी नुसतं डोळ्यांनी पीत उभ्या होत्या. हंबरून हंबरून त्यांचे घसे बसले होते.

दुसरा कुणी असता तर त्याने शिव्यांची लाखोली वाहिली असती. आर्व्हिडने फाटक उघडलं. गाई त्याला ढकलत पाण्याकडे धावल्या, आणि तो हातातल्या फासाकडे बघत राहिला.

"चांगल्या घरचा दिसतोय," तो पिपला म्हणाला. पिप म्हणजे त्याची कुत्री. "शहरातल्या चांगल्या घरचा."

या माणसाला कुतूहलाचं जन्मजात व्यसन. आठव्या वर्षी बिज्जूच्या बिळात आत कोण आहे ते बघायला हात घातला, म्हणून डाव्या करंगळीचं टोक नाही. लष्करातली दोन वर्षं जर्मनीत गेली तिथे घड्याळं उघडायला शिकला, आणि परत आल्यावर चर्चचा ऑर्गन एक सूर चोरतो म्हणून उघडला तो तीन रविवार जोडून होईना. तीन रविवार गावाने बिनसाथीची भजनं म्हटली आणि त्याची बायको लव्हॉन मान खाली घालून बसली. "तुला उत्तर नको असतं रे, तुला नुसता आत हात घालायचा असतो," असं ती म्हणायची. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. आर्व्हिड अठ्ठ्याहत्तरचा झाला, पण खोड गेली नाही.

तेव्हा त्याने माग काढला. टायरचे ठसे जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याने आले होते. बुटांचे ठसे नवीन, टाचा अजून न झिजलेल्या. पिप नाक जमिनीला लावून पुढे गेली आणि फाटकापासून तीस पावलांवरच्या फरच्या झाडाशी उभी राहून वर बघत गुरगुरली. खोडाला पट्ट्याने बांधलेली एक पेटी होती, झाडाच्याच रंगाची. तिच्या मधोमध काचेचा एक डोळा, आणि तो रोखलेला थेट फाटकावर.

आर्व्हिड त्या डोळ्यासमोर जाऊन उभा राहिला. आतून कुठेतरी टिक्क झालं. त्याने टोपी काढली. माणूस समोर आल्यावर टोपी काढायची सवय, आणि काढून झाल्यावर त्याला स्वतःचंच हसू आलं.

ती पेटी त्याने तोडली नाही, काढली नाही, कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून वर गेला. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. गाईंना त्याचं काही नव्हतं. चौथ्या दिवशी कोठारातली एक फळी त्याने पांढरी रंगवली, वर काळ्या रंगाने लिहिलं, 'फाटक जसं असेल तसं ठेवा', आणि ती छातीशी धरून दोन मिनिटं डोळ्यासमोर उभा राहिला, शाळेच्या फोटोला उभं राहावं तसा.

पुढच्या आठवड्यात ताजे ठसे दिसले. फाटक उघडं होतं, जसं त्याने ठेवलं होतं तसंच.

म्हाताऱ्याला झालेला आनंद काय सांगावा. कुणीतरी कुठेतरी बसून आपली पाटी वाचतंय! मग पाट्यांचा धडाकाच सुरू झाला. 'तू कोण?' 'काय शोधतोस?' 'कॉफी पितोस का?' उत्तर कुठून येणार. पण प्रश्न विचारायचे राहिले की आर्व्हिडला जेवण जात नसे, आणि विचारून टाकले की जात असे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मात्र तो शेरीफच्या कचेरीची पायरी चढला. शेरीफ जोलीन प्रुइट, चव्वेचाळीस वर्षांची, खांद्याने दार अडेल अशी बाई. दहा वर्षांची असताना तिने कौंटीच्या जत्रेत स्वतः वाढवलेलं कोकरू आणलं होतं. आर्व्हिड पंच होता आणि त्याने तिला तिसरा नंबर दिला होता. गेली चौतीस वर्षं ती हे त्याला विसरू देत नाही.

"या, पंच," ती म्हणाली. "आज कुणाचं कोकरू नापास करायला आलात?"

"जोलीन, माझ्या वरच्या रानात कॅमेरा कुणी लावलाय? तू?"

तिचा कप वाटेतच थांबला. "मी लावला असता तर आधी तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुमच्या हातची ॲपल-पाय खाल्ली असती, आणि मग विचारून लावला असता."

तिने खणातून एक जाड वही काढली. राज्याच्या विधानसभेने मागच्या अधिवेशनात कायदा केला होता. बाहेरच्या कुठल्याही खात्याच्या अंमलदाराला, मग तो अगदी वॉशिंग्टनहून आलेला का असेना, कौंटीत कुणाच्या जमिनीवर शोध घ्यायचा असेल तर न्यायाधीशाचं वॉरंट हवं आणि वर शेरीफची सही हवी. घर असो नाही तर उघडं रान. सह्या नोंदवायला ही वही. जोलीनने ती उघडून त्याच्यासमोर फिरवली. पानं कोरी करकरीत होती.

"आठ महिने झाले. एकजण दार ठोठावून आलेला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी येतच नसेल. कायदा नुसता कागदावर. आणि तुम्ही सांगताय की येतात, पण खिडकीतून. आर्व्हिड, तुम्ही तक्रारीवर सही करा. न्यायाधीशापुढे जाऊ. ते फोटो मागवून घेऊ, सगळेच्या सगळे, पहिल्या दिवसापासूनचे."

"पहिला दिवस कुठला असेल?" त्याने सहज विचारलं.

"पट्टा खोडात किती रुतलाय?"

"बराच. वर डिंकही वाळलाय."

"मग उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून असणार," जोलीन म्हणाली. दोघांनाही एकाच वेळी जुलै आठवला.

जुलैच्या अकरा तारखेला वरच्या फाटकाचा फास ओढताना आर्व्हिडचा पाय सरकला होता आणि तो पाठीवर पडला होता. कंबरेतून अशी कळ आली की उठता येईना. दीड तासाहून जास्त वेळ तो उन्हात तसाच पडून होता. पिप त्याच्या तोंडावर सावली धरून उभी होती. मग त्या वाटेने जोलीनचा ट्रक आला. ती वाट फाटकापलीकडे कुठेच जात नाही. "इकडून चालले होते," असं ती म्हणाली. "जरा बसलो होतो," असं तो म्हणाला. तिने त्याला उचलून घरी आणलं, पाणी पाजलं, आणि दोघांनीही आपापली थाप दुसऱ्याच्या पदरात घालून विषय मिटवला. पण इकडून चालले होते म्हणजे कुठून कुठे, हा किडा त्याच्या डोक्यात तेव्हापासून वळवळत होता.

"तुला कसं कळलं होतं, पोरी?"

जोलीनने वही मिटली. "फोन आला होता. पुरुषाचा आवाज, इकडचा नव्हे. नूडसनच्या वरच्या फाटकाशी म्हातारा माणूस पडलाय, बराच वेळ झाला, एवढंच बोलला. नाव विचारलं तर ठेवून दिला. मला वाटलं, डोंगर चढायला आलेला कुणी असेल."

"म्हणजे ते फोटोत आहे."

"असणार."

आता मेरिलीबद्दल सांगायला हवं. आर्व्हिडची ही एकुलती एक मुलगी स्पोकेनला इस्पितळात नर्स आहे, ट्रकने सहा तासांवर. आई गेली तेव्हा तिने बापाला तिथेच न्यायचं ठरवलं होतं. खोली तयार होती, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी तह झाला. ज्या दिवशी तो पडेल आणि आपलं आपण उठू शकणार नाही, त्या दिवशी तो रान सोडून तिच्याकडे येईल. बापलेकीने हातात हात देऊन ठरवलं. इकडे हात दिला म्हणजे कागद झाला. आणि जुलैपासून आर्व्हिड दर रविवारी फोनवर तिला गाईंचं, हवेचं, पिपच्या पोटाचं सगळं सांगत होता आणि एवढं एकच सांगत नव्हता. त्याची त्याला लाज वाटे. पण रान सुटेल ही भीती लाजेपेक्षा मोठी होती.

सही केली की फोटो कचेरीत येणार. कचेरीत आले की आठ दिवसांत कौंटीभर होणार, आणि मेरिलीच्या तीन वर्गमैत्रिणी अजून इथेच राहतात.

"घाई नाही," जोलीन हळू म्हणाली. "नाही केलीत सही, तरी मी कुणाला बोलणार नाही. तिसऱ्या नंबराची शपथ."

घरी न जाता आर्व्हिड वर गेला. सही करायची की नाही ते नंतर बघू, आधी तो माणूस बघायचा होता. घडीची खुर्ची, थर्मास आणि दोन कप घेऊन तो झाडामागे, डोळ्याला दिसणार नाही असा बसला. सलग तीन दिवस बसला. कॅमेऱ्याला म्हातारा दिसेना आणि गाईच तेवढ्या दिसत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला करड्या रंगाचा ट्रक आला. चाळिशीतला, चष्मा लावलेला माणूस उतरला, आधी इकडे तिकडे बघत फाटकापाशी धावला, खाली जमीन बघितली, ओढ्याच्या काठाने थोडा गेला, परत आला.

"मी पडलेलो नाही," आर्व्हिड झाडामागून म्हणाला. "बसलोय. ये, कॉफी गरम आहे."

माणूस दचकला, आणि मग त्याने खांदे सोडले. त्याचं नाव कॉलिन ट्रास्क. एका केंद्रीय खात्याचा वन्यजीव अंमलदार. या डोंगरात कुणीतरी गरुड मारून पिसं विकत होतं आणि लाकूडतोडीच्या रस्त्याने नेत होतं, असा त्याचा संशय होता. आर्व्हिडवर संशय नव्हता. त्याचं फाटक वाटेत होतं, एवढंच.

"मग खाली येऊन विचारायचं की," आर्व्हिड म्हणाला. "मी कशाला नाही म्हणालो असतो? गरुड मलाही आवडतात."

"आमच्या नियमात उघड्या रानाला वॉरंट लागत नाही, मिस्टर नूडसन. घराला लागतं."

"कुणाच्या नियमात?"

ट्रास्कने कपात बघितलं. "आमच्या."

"जुलैत फोन तू केलास."

"हो."

"त्याबद्दल तुझे आभार. मनापासून. आता मला सांग, त्या दिवशी नक्की काय झालं. दोन महिने हा प्रश्न माझं डोकं खातोय."

ट्रास्कने सांगितलं. तो दोनशे मैलांवर कचेरीत बसून सँडविच खात होता. फोटो आला, म्हातारा आडवा. वाटलं, आराम करतोय. दर पाच मिनिटांनी फोटो येत होता. अकराव्या फोटोतही म्हातारा तसाच होता आणि कुत्री उभी होती.

"अकरावा म्हणजे तासभरात," आर्व्हिड म्हणाला. "जोलीनच्या कचेरीपासून इथपर्यंत वीस मिनिटं. आणि मी पडून होतो दीड तासावर. मधला वेळ कुठे गेला?"

ट्रास्कने चष्मा काढून शर्टाला पुसला. आर्व्हिडने त्याची घाई केली नाही.

"मी विचार करत बसलो होतो," तो शेवटी म्हणाला. "शेरीफला फोन केला तर ती विचारणार, तुला कसं दिसलं. मी इथे आहे हे तिला माहीत नव्हतं. तुमच्या घरचा नंबर माझ्याकडे नव्हता, तुमच्या माणसांचा नव्हता. कुणाला सांगू आणि कसं सांगू, ते ठरवण्यात वीस मिनिटं गेली. मग बाहेर जाऊन दुसऱ्याच फोनवरून केला. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही."

माणूस खरं बोलत होता, आणि आर्व्हिडला तो आवडला. पण त्याच वेळी एक गोष्ट त्याच्या डोक्यात घड्याळाच्या चाकासारखी बसली. हा माणूस दारातून आला असता तर टेबलाशी बसून ॲपल-पाय खाल्ली असती. मेरिलीचा नंबर शीतकपाटावर चिकटवलेला आहे, तो बघितला असता. पहिल्या फोटोलाच फोन गेला असता. चोरून आला म्हणून माणूस भला असूनही त्याला वीस मिनिटं तोंड उघडता आलं नाही. आणि पुढचा कुणी म्हातारा आणखी वीस मिनिटं तग धरेलच असं नाही.

"मी तुझ्याविरुद्ध तक्रार करणार आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही. आणखी घालू?"

ट्रास्कने कप पुढे केला.

त्याच दुपारी आर्व्हिडने मेरिलीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तिने "काय झालं?" असंच म्हणत उचलला.

"मी जुलैत पडलो होतो," तो म्हणाला. "वरच्या फाटकाशी. आपलं आपण उठता आलं नाही. तुला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं."

पलीकडे इस्पितळातली घंटा दोनदा वाजलेली त्याला ऐकू आली.

"किती वेळ पडून होतास?"

"दीड तास. जास्तच."

"डॅड, मी दर रविवारी विचारते रे तुला."

"हो. आणि दर रविवारी मी खोटं बोललो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सुनावणी कधी आहे? मी येते." आणि फोन ठेवला. आर्व्हिड त्या दिवशी कोठारात जाऊन लव्हॉनच्या जुन्या खोगिरावर बसला आणि रडला. रान गेलं, असं त्याने धरून टाकलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी झाली. कौंटीचं कोर्ट ते केवढं, पण मागे उभं राहायला जागा नव्हती. मेरिली बापाशेजारी कोट न काढता बसली होती. ट्रास्कने सरळ सांगितलं की वॉरंट नव्हतं आणि सही नव्हती. त्याच्या वकिलाने उघड्या रानाचं पुष्कळ सांगितलं. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग निकाल वाचला. राज्याचा कायदा रानालाही लागू आहे. परवानगीशिवाय घेतलेला एकही फोटो कुठल्याही कामी वापरता येणार नाही. कोर्टात दाखल झालेलं फोटोंचं बंद पाकीट उघडलं जाणार नाही, कुणी बघणार नाही, जसंच्या तसं नष्ट करण्यात यावं.

आर्व्हिडला समजायला क्षणभर लागला. मग तो हळूच वळला. "म्हणजे मी गप्प बसलो असतो तर..."

"तर मला जन्मात कळलं नसतं," मेरिली म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकदम. "पण ते फोटो चोरीचे होते, डॅड. तू मला स्वतःहून सांगितलंस. हा पुरावा चालतो."

संध्याकाळ व्हायच्या आत ती त्याला वरच्या फाटकाशी घेऊन गेली. "उघड," म्हणाली. त्याने खांदा लावला, दांडका दाबला, फास सुटेना. ती हात खिशात घालून उभी राहिली. दुसऱ्यांदा सुटेना. तिसऱ्या वेळी फास निघाला. तारा खाली पडल्या आणि तो धापा टाकत, पण उभा राहिला. मेरिलीने त्याच्याकडे नर्सच्या डोळ्यांनी बराच वेळ बघितलं. मग पिशवीतून हार्डवेअरच्या दुकानातली एक पेटी काढली, मधोमध काचेचा डोळा असलेली, आणि वर एक घडी केलेला कागद.

आर्व्हिडने चष्मा लावला. 'श्री. आर्व्हिड नूडसन, जमीनमालक, यांस. आपल्या वरच्या फाटकावर एक कॅमेरा लावण्याची परवानगी मिळावी. फोटो फक्त माझ्याकडे येतील. आपण पडल्यास मी शेरीफना पहिल्याच फोटोला कळवीन, आणि दुसऱ्यांदा पडल्यास तह लागू होईल. अर्जदार, मेरिली नूडसन, बाहेरची.' खाली शेरीफ प्रुइटची सही होती आणि सहीखाली लिहिलं होतं, 'वहीतली पहिली नोंद. पहिला नंबर.'

"घरावर लावायचा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि फाटक..."

"जसं असेल तसं. डॅड, मी इथेच वाढले."

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो वर गेला. मेरिली पहाटेच निघून गेली होती, अजून वाटेत असणार. कोठारातली पांढरी फळी त्याने पुन्हा रंगवली होती. जुनी अक्षरं खालून किंचित दिसत होती. तो फरच्या खोडावरच्या नव्या डोळ्यासमोर जाऊन थांबला, टोपी काढली आणि फळी छातीशी धरली.

फळीवर दोनच शब्द होते, 'उभा आहे'. आतून टिक्क झालं, आणि आर्व्हिड गाईंकडे गेला.